मनगट आणि पोट

धाकट्या जावेच्या परड्यात मोटर सुरू झाली की थोरलीचे कान भिंतीकडे लागायचे. दोन परड्यांच्या मध्ये छातीएवढी भिंत. सासू गेली त्या वर्षी वाटण्या झाल्या आणि भावाभावांनी मिळून ती उभी केली. भिंत मातीची असली तरी तिला कान होते, डोळे होते, आणि थोरलीच्या बाजूने तर नाकसुद्धा होतं. पलीकडे काय शिजलं, कोण आलं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं अलीकडे कळायचं.

दोघे भाऊ कातारी. लाकूड फिरवून त्याला गोल आकार द्यायचा, पलंगाचे पाय, कठड्याचे दांडे, पाळण्याचे खांब कातायचे, हा बापजाद्यांचा धंदा. वस्तीवर वीज नव्हती. तारा ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबल्या होत्या आणि तिथेच म्हाताऱ्या होत होत्या. त्यामुळे लाकूड फिरायचं ते माणसाच्या हाताने. लाकडाला दोराचे वेढे द्यायचे आणि दोराची दोन टोकं घेऊन बायकोने समोर जमिनीवर बसायचं. उजवा हात ओढला की लाकूड नवऱ्याकडे फिरायचं, तेव्हा त्याने पटाशी टेकवायची. डावा ओढला की उलटं फिरायचं, तेव्हा उचलायची. दिवसभर हेच. नाव व्हायचं कातणाऱ्याचं. दोर ओढणारीला कोणी कातारीण म्हणायचं नाही. ती म्हणजे जणू लाकडाचाच भाग.

थोरलीने लग्नाच्या पहिल्या आठवड्यात दोर हातात घेतला तो सोडलाच नाही. तळहातावर दोराचे आडवे पट्टे उमटले होते, इतके कडक की निखारा उचलून चुलीत टाकला तरी चटका बसायचा नाही. आणि आता उजवा खांदा गेला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. ती केस डाव्या हाताने विंचरायची, फळीवरचा डबा काठीने पुढे ओढून घ्यायची, आणि हे नवऱ्याला कळू दिलं नव्हतं. थोरला साधा माणूस. लाकडातली गाठ त्याला हात लावताच कळायची, बायकोच्या अंगातली कळली नाही.

धाकटीसुद्धा दोरच ओढायची. पण गेल्या उन्हाळ्यात धाकट्याने मोटरवर लाकूड फिरवणारा लेथ आणला, छपरावर सोलरच्या पाट्या चढवल्या, आत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या मांडल्या, आणि धाकटी उठून उभी राहिली ती राहिलीच. आता ती स्टुलावर बसून कातलेल्या पायांना पॉलिश कागद घासायची. गाणं गुणगुणायची. आणि नखं. थोरलीने भिंतीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बाईने नखं वाढवली होती.

"नखं वाढवायला काय लागतं," ती नवऱ्याला म्हणाली, "हाताला काम नसलं की जनावराचीसुद्धा वाढतात."

थोरल्याने पटाशीला धार लावायला घेतली. त्याला भावाच्या मशीनचं कौतुक वाटत होतं आणि ते बायकोसमोर बोलून दाखवायची छाती नव्हती.

पावसाळा सरला आणि गावातला वखारवाला दोन्ही घरी येऊन गेला. एका मोठ्या वसतिगृहाचे पलंग करायचे होते. पाय जाड हवेत, मनगटाएवढे नाही, मांडीएवढे. निम्मं काम थोरल्याला, निम्मं धाकट्याला. आणि जाता जाता तो म्हणाला की दोरावर एवढं जाड लाकूड फिरणं कठीण आहे, नाही जमलं तर थोरल्याने धाकट्याच्या लेथवर जाऊन बसावं, दिवसाची मजुरी मिळेल, घरचंच आहे. तो सहज बोलला. थोरलीला मात्र ते वाक्य मानेवर ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखं लागलं. थोरला भाऊ धाकट्याच्या परड्यात रोजावर जाणार आणि धाकटी स्टुलावर बसून त्याने कातलेले पाय मोजून घेणार! त्यापेक्षा लेथ चुलीत घातलेला बरा.

त्या आठवड्यात तिने गाय विकायला काढली, साठवलेलं सागवान वखारीत पाठवलं, त्या पैशातून मोटरचा लेथ आणवला, आणि सोलरसाठी बॅटरीवाल्याला बोलावणं धाडलं.

बॅटरीवाला शिकलेला, बोलायला गोड, हातात मीटर घेऊन आला. त्याने मोटरची पाटी वाचली. दिवसाला किती तास कातता विचारलं, लाकूड किती जाड ते विचारलं, लेथ चालू असताना दुसरं काही चालणार का ते विचारलं. छपरावर चढून सावली कुठे पडते ते पाहिलं. उतरल्यावर ओट्यावर बसून त्याने हिशेब समजावला. मोटर चालताना खाते ते थोडं, पण थांबलेली उठते तेव्हा एकदम तिप्पट-चौपट ओढते. तो झटका इन्व्हर्टरने सोसला पाहिजे. आणि दिवसभर चालवायचा दम बॅटरीत पाहिजे. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर वर्षात मरते. त्यात ढगाळ दिवसाची सोय धरायची.

"सोप्पं सांगतो मावशी. इन्व्हर्टर म्हणजे मनगट आणि बॅटरी म्हणजे पोट. तुम्हाला मधला इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या. तुमच्या जावेकडे आहे तेच अगदी बरोबर बसतंय."

तिथेच सगळं फिसकटलं. पलीकडे धाकटी दोरीवर कपडे वाळत घालत होती. एवढे कपडे त्या घरात कोणाच्या अंगावर होते कोण जाणे, पण तास झाला तरी तिचं वाळत घालणं संपत नव्हतं.

"तिचं तेच?" थोरली भिंतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "म्हणजे आम्ही तिच्यावरून कित्ता गिरवायचा? त्याच्यावरचा दाखवा."

त्याने कॅटलॉग काढला. वरचा इन्व्हर्टर खरंच देखणा होता. दुप्पट मोठा खोका, समोर काचेची खिडकी, तिच्यात हिरवे आकडे. धाकटीच्या खोक्याला नुसते दोन मिणमिणते दिवे. पण हा घेतला तर गाठीच्या पैशात बॅटऱ्या दोनच बसत होत्या.

बॅटरीवाल्याने मान हलवली. तो म्हणाला की मनगट दांडगं आणि पोट रिकामं असं होईल. जाड ठोकळा लावून मोटर सुरू केली की दोन बॅटऱ्या त्या झटक्याने खाली बसतील, इन्व्हर्टर ओरडेल आणि बंद पडेल. थोरला हळूच म्हणाला की हे सांगतायत ते खरं दिसतंय. थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द त्याने चहाबरोबर गिळले.

"पोट झाकता येतं, दादा," ती बॅटरीवाल्याला म्हणाली. "लोकांना दिसतं ते मनगट."

बॅटरीवाला दुकानदार होता, देव नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की खोक्यावर ओरखडा न पडता महिनाभरात परत आणलात तर दुकान बदलून देईल, मधला इन्व्हर्टर आणि आणखी दोन बॅटऱ्या. थोरली म्हणाली, माझ्या भिंतीवर चढलेलं खाली उतरत नाही.

पाट्या छपरावर चढल्या आणि खोका दाराच्या बरोबर समोर, रस्त्यावरून दिसेल असा बसवला. बॅटऱ्या कोपऱ्यात फळीखाली, वरून गोणपाट. चार दिवस वस्तीवरची माणसं बघायला येत होती. आकडे कसे पळतात ते बघून जात होती. कोणी म्हणालं, धाकट्याकडे आहे त्याचा हा बाप दिसतोय. थोरलीने त्या माणसाला आग्रहाने दोनदा चहा पाजला. चौथ्या दिवशी धाकटी भिंतीजवळ आली. वाटी मागायचं निमित्त होतं. पण नजर वाटीवर नव्हती, दारातून आत गेली होती आणि खोक्यावर जाऊन बसली होती. थोरलीला वर्षभरात एवढी गाढ झोप लागली नव्हती.

सुरुवातीला वखारीचे बारीक दांडे होते, तेव्हा सगळं ठीक चाललं. मग जाड पाय लावले. पहिला ठोकळा बसवून थोरल्याने बटण दाबलं. मोटर हुंकारली, लाकूड अर्धा वेढा फिरलं, खोक्यातून लांब शिटी निघाली, आकडे विझले आणि सगळं थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दुपारच्या उन्हात पाट्या तापल्या की दोन-चार पाय कसेबसे निघायचे. एक ढग आला की संपलं.

शिटीचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून थोरली धावपळ करायला लागली. शिटी वाजली की ती कोंबड्यांना शिव्या घालायची, रिकामी बादली दगडावर आपटायची. कोंबड्या बिचाऱ्या कुठेतरी किडे वेचत असायच्या आणि आपलं काय चुकलं ते त्यांना कळायचं नाही.

थोरला दोनदा म्हणाला, खोका परत नेऊ या. ती दोनदा नाही म्हणाली. भरदिवसा खोका भिंतीवरून काढायचा, हातगाडीवर घालायचा आणि धाकटीच्या दारावरून न्यायचा? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून जळायचा होता. तिने कोपऱ्यातला जुना लेथ पुढे ओढला, दोराचे वेढे दिले आणि जमिनीवर बसकण मारली.

जाड लाकूड दोराला जुमानत नव्हतं. तिने सगळं अंग मागे टाकून उजवा हात ओढला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे पांढरं आलं. तिने दात ओठात रुतवले. डावा ओढला. पुन्हा उजवा. लाकूड फिरत होतं, पण दमलेल्या माणसासारखं, मध्येच विसावत. पटाशी अडकायला लागली. थोरल्याने एक पाय पुरा केला आणि त्यावर हात फिरवला. लाटा उठल्या होत्या. असा पाय त्याच्या हातून शिकाऊ असतानाही निघाला नव्हता. त्याने बायकोकडे न बघता तो पाय उचलला. आणि जळणात ठेवला. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पलीकडे मोटर एका लयीत गुणगुणत होती. मोटर आणि धाकटी दोघी.

वखारवाला पाहणीला आला तेव्हा धाकट्याच्या ओट्यावर पायांची रास लागली होती. थोरल्याच्या ओट्यावर होते ते एका पलंगाला पुरले असते, दुसरा लंगडा राहिला असता. वखारवाल्याने भिंतीवरचा खोका पाहिला, ओट्यावरचे पाय पाहिले, पण तो व्यापारी माणूस, कारण विचारत बसला नाही. म्हणाला, सोमवारपासून भावाकडे बसा. थोरला खाली बघून बरं म्हणाला. त्या एका शब्दाने थोरली पेटली. तिने नवऱ्याला नाही, वखारवाल्याला नाही, धाकटीला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या लिहायच्या झाल्या तर कागद करपेल.

आणि त्याच संध्याकाळी धाकटी वाटी परत करायला आली. भिंतीवरून वाटी देऊन झाली तरी ती हलेना. आवाजात साखर घोळवून म्हणाली की जाऊबाई, तुमचा खोका खरंच छान आहे. मग म्हणाली, आमच्या ह्यांना मी पंधरा दिवस सांगतेय, आपणही तसाच घ्यायला हवा होता, येणारे जाणारे सगळे तुमच्याच दारात थांबतात. आणि मग एका दमात बोलून टाकलं.

"तुमचा खोका आम्हाला द्या. आमचा खोका आणि वर दोन बॅटऱ्या तुम्ही घ्या. बघा बाई, तुमचा तोटा नाही."

थोरलीला आधी ऐकलेलं खरं वाटेना. मग हळूहळू अंगभर गारवा पसरला. धाकटीचा मधला खोका आणि दोन बॅटऱ्या आल्या की आपल्याकडे चार होतात, म्हणजे बॅटरीवाल्याने सांगितलं होतं तेच, अगदी बरोबर. आणि पलीकडे उरतं दांडगं मनगट आणि रिकामं पोट. पहिलाच जाड ठोकळा, आणि शिटी. सोमवारी थोरला धाकट्याकडे जाणार नाही. कोण जाणे, धाकट्यालाच इकडे यावं लागेल, आणि स्टुलावर बसून पाय मोजून घ्यायला थोरलीला काही कोणी मनाई केलेली नव्हती.

धाकट्याला कसं कळलं नाही? कळणार कुठून. दुकानदाराने चार सांगितल्या, त्याने चार घेतल्या, पहिल्या दिवसापासून लेथ फिरला. ज्याचं पोट कधी रिकामं राहिलं नाही त्याला पोट असतं हेच माहीत नसतं.

थोरलीने दोन क्षण विचारात पडल्याचं सोंग केलं. मग उसासा टाकून म्हणाली, आता तू एवढं म्हणतेस तर घे, घरातच राहील.

जेवताना थोरला म्हणाला, "तिला सांगायला हवं."

"तिने विचारलंय?"

"नाही. पण वैरीण नाही ती आपली."

थोरलीने त्याच्या ताटात वाढलेलं आणखी वाढलं. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी बोलतो. थोरला अर्धवट जेवून उठला आणि भिंतीकडे पाठ करून झोपला.

सकाळी धाकट्याने हातगाडी दोन दारांच्या मधोमध आणून उभी केली. तारा काढायला-जोडायला त्याचा तोच शिकला होता, बॅटरीवाल्याला कोणी बोलावलं नाही. थोरला खोक्याचे स्क्रू सैल करत होता, इतक्या सावकाश की जणू प्रत्येक स्क्रूला जायचं की नाही ते विचारत होता. थोरली दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला छान वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं.

पलीकडून धाकटी बॅटरी ओढत आणत होती. बॅटरी शिशाची, लहान दिसली तरी उचलणाऱ्याची कंबर मोडणारी. तिने बॅटरी खाली ठेवली, आत गेली आणि बाहेर आली ती दोर घेऊन. तिचा दोर. लग्नापासून ओढलेला, मधोमध काळा पडून गुळगुळीत झालेला. तिने विळा आणला, दोर ओट्याच्या कडेवर धरला आणि मधोमध कापायला घेतला.

"अगं," थोरलीच्या तोंडून निघालं, "दोर कशाला तोडतेस?"

"बॅटरीला फास करते, दोघांना धरून उचलता येईल," धाकटी विळा चालवत म्हणाली. मग हसली. "आता काय करायचाय हा, जाऊबाई. सुटले मी त्यातून जन्माची."

दोराचे पीळ एकेक करून तुटत होते. थोरली बघत राहिली. तिला या बाईची नखं नको होती, स्टूल नको होतं, गुणगुणणं तर अजिबात नको होतं. एखाद्या दिवशी धाकटीच्या दुधाला विरजण लागू नये, तिची नवी चप्पल चिखलात रुतावी, असं ती रोज मागायची आणि पुढेही मागणार होती. पण दोर? चार दिवसांनी खोका शिटी वाजवून मरणार, मांडीएवढी लाकडं ओट्यावर पडलेली असणार, आणि ही बाई तुटक्या दोराला गाठी मारत जमिनीवर बसणार. गाठ तळहातावरून जाते तेव्हा कातडं सोलून निघतं. हे या वस्तीत दोघींनाच माहीत होतं.

"विळा ठेव," थोरली म्हणाली.

"काय झालं?"

"ठेव म्हणते ना." ती ओटा उतरून रस्त्यावर आली. आवाज नेहमीचाच, भांडायला निघाल्यासारखा. "हा खोका घेऊ नकोस. दोन बॅटऱ्यांवर तो चालत नाही. जाड लाकूड लावलं की शिटी वाजवतो आणि बंद पडतो. बॅटरीवाल्याने मला तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

धाकटीच्या हातातला विळा तसाच राहिला. धाकटा हातगाडीपाशी वाकला होता, तो तसाच वाकून राहिला.

"मग तुमचं काम इतके दिवस कसं चाललं?"

"चाललं नाही."

हे दोन शब्द बोलायला थोरलीला जेवढी ताकद लागली तेवढी मांडीएवढ्या लाकडालाही लागली नव्हती. आता बाई तोंड उघडेल, आता सगळ्या वस्तीला कळेल, म्हणून ती मान ताठ करून उभी राहिली. मार खायचाच असेल तर उभ्याने खावा.

धाकटी तिच्याकडे बघत होती. मग ती ओट्याच्या कडेला मटकन बसली. "पंधरा दिवस मी ह्यांना धड जेवू दिलं नाही या खोक्यापायी," ती म्हणाली. "काल म्हटलं, तुमच्या भावाला अक्कल आहे, तुम्हाला नाही." आणि तिला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धाकटा आधी चिडल्यासारखा दिसला, मग तोही नाकातून हसला. आतून शेवटचा स्क्रू जमिनीवर पडल्याचा आवाज आला. थोरला खोका दोन्ही हातांत तान्ह्या पोरासारखा धरून बाहेर आला आणि कोणाला न विचारता त्याने तो हातगाडीवर ठेवला. म्हणाला, महिना भरायला अजून अवकाश आहे, दुकान उघडायच्या आत पोचतो. खोक्याखाली घालायला त्याने कोपऱ्यातलं गोणपाट आणलं होतं, ओरखडा पडू नये म्हणून. धाकटा गाडीच्या दुसऱ्या दांड्याला लागला.

धाकटी अजून हसतच होती. रस्त्याने पाण्याला निघालेल्या दोघी-तिघी थांबल्या, एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग जावेकडे. वाटण्या झाल्यापासून या बाईने तिचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि तिने ओलांडू दिलाही नव्हता.

"हसायचं असेल तर आत येऊन हस," थोरली म्हणाली. "रस्त्यावर लोक बघतायत."